बोअरच्या गाडीचा हवेवरचा फॅन: आडगावच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च २०२३

सिन्नरच्या शेठची बोअरवेलची गाडी सकाळी शेडला लागली. लांब नाकाचा, १९८०च्या दशकातला अमेरिकन ट्रक. पाठीवर ड्रिलिंगचा मनोरा, नाकात कमिन्सचं एनटीसी ८५५ इंजिन. सहा सिलिंडर, १४ लिटर. या इंजिनाची मला धास्ती नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली उभी राहिली आणि याच घराण्यातली इंजिनं आपल्याकडे जनरेटरवर वर्षानुवर्षं चालत आली, त्यामुळे माल मिळतो आणि हात बसलेली माणसंही मिळतात. अवघड आहे तो इंजिनाच्या पुढ्यातला हवेवर चालणारा फॅन क्लच, म्हणजे फॅनला पुलीशी जोडणारा आणि सोडणारा भाग. आपल्या जुन्या गाड्यांना फॅन सरळ पुलीला आवळलेला असतो, नाहीतर सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लच असतो. हवेचा क्लच मी आजवर दोनदाच उघडलाय.

तक्रारी दोन आणि एकमेकींच्या उलट. फॅन कधी थांबतच नाही, सकाळी गार इंजिनावरसुद्धा घोंघावत असतो. आणि तरीही गाडी तापते. घाट चढताना काटा २२० फॅरनहाइटला जातो, म्हणजे १०४ सेल्सिअस. बोअर मारताना गाडी एका जागी उभी, समोरून वारा नाही, इंजिन तासन्‌तास रेसवर. तिथे तर दीडशे फुटांनंतर थांबूनच घ्यावं लागतं.

याआधी दुसरीकडे रेडिएटर रॉडिंग करून झालाय (नळ्यांत सळ्या घालून सफाई), वॉटर पंप नवा बसलाय आणि थर्मोस्टॅट काढून टाकलाय. पैसे गेले, फरक शून्य.

ड्रायव्हर मामा निघताना एक बोलून गेले: "रात्री जास्त बोंबलतो तो. दिवसा त्या मानानं गप असतो." शेठ म्हणाले, रात्री शांतता असते म्हणून तसं वाटत असेल. मी मात्र मामांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. जो माणूस रोज बारा तास त्या इंजिनामागे बसतो त्याचा कान मी कधी मोडीत काढत नाही.

२५ मार्च

हत्यार हातात घेण्याआधी हा क्लच कुठल्या जातीचा आहे ते ठरवलं. हे आधी नाही ठरवलं तर पुढची प्रत्येक चाचणी उलटी वाचली जाते.

हवेच्या फॅन क्लचच्या दोन जाती. एकीत हवा दिली की फॅन पकडतो. दुसरीत आतली तगडी स्प्रिंग फॅनला कायम पकडून ठेवते आणि हवा दिली की सोडते. दुसऱ्या जातीत नळी फुटली, टाकी रिकामी झाली, वायर तुटली, काहीही झालं तरी फॅन फिरत राहतो आणि इंजिन वाचतं. आवाज होईल, डिझेल जाईल, पण हेड जाणार नाही.

सकाळी टाकीत हवा नव्हती. बॅटरीची तार काढली, चाकांना ठोकळे लावले आणि फॅन हाताने फिरवून पाहिला. जागचा हलला नाही. म्हणजे स्प्रिंगने पकडणारा, हवेने सोडणारा.

याची साखळी अशी: टाकीतून हवा सोलेनॉइड व्हॉल्व्हला, म्हणजे कॉइलमधल्या करंटवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हला येते. इंजिन गार असताना पाण्याच्या वाटेवरचा थर्मो स्विच जोडलेला असतो, कॉइलला करंट मिळतो, व्हॉल्व्ह उघडतो, हवा क्लचमध्ये जाते आणि फॅन सुटतो. पाणी तापलं की स्विच तुटतो, करंट जातो, व्हॉल्व्ह आपल्या बाजूच्या भोकातून क्लचमधली हवा बाहेर सोडतो, फस्स असा आवाज येतो आणि फॅन पकडतो. करंट आहे तोवर फॅन बंद, करंट गेला की फॅन चालू. डोक्यात हे उलटं बसलं की माणूस दिवसभर चांगले पार्ट बदलत बसतो.

संध्याकाळी टाकी ११५ पौंडांपर्यंत (चौरस इंचावरचा दाब) भरली, इंजिन बंद केलं, चावी चालू ठेवली. आता फॅन बोटाने फिरायला हवा होता. फिरला, पण घट्ट कणकेतून फिरावा तसा. धड पकडलेला नाही, धड सुटलेलाही नाही.

२७ मार्च

थर्मोस्टॅट परत बसवला, ८२ अंशांचा. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. या इंजिनात ती सरळ नुकसान करते. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा तो नुसता रेडिएटरची वाट मोकळी करत नाही, बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाताच पंपाकडे परत वळतो. गार इंजिन लवकर तापत नाही आणि तापलेलं लवकर निवत नाही.

रेडिएटरचं रॉडिंग चांगलं केलेलं आहे, त्याला नाव ठेवणार नाही. जाळीत बोअरची राखाडी भुकटी मात्र गच्च बसली होती. आपला काळा पाषाण ड्रिल होताना पिठासारखा उडतो आणि फॅन तो ओढून घेतो. आतल्या बाजूने बाहेर अशी हवा मारली. पट्टे ठीक. पाण्यात बुडबुडे नाहीत, तेलात पाणी नाही. हेड गॅस्केटची भीती गेली.

२८ मार्च

थर्मो स्विचची दोन टोकं तारेने जोडली. स्विच खराब असता तर फॅन सुटायला हवा होता. फरक पडला नाही. स्विच निर्दोष, निदान या गुन्ह्यापुरता.

मग क्लचच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जॉइंट) जोडून दाबाचा गेज लावला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. टाकीत ११५ पौंड आणि क्लचला फक्त ४२. इतक्या कमी दाबावर स्प्रिंग अर्धवटच दबते. पूर्ण सोडायला या क्लचला ९० च्या आसपास हवेत.

साबणाचं पाणी घेऊन टाकीपासून सगळे जॉइंट तपासले. दोन ठिकाणी बारीक फेस आला. पण व्हॉल्व्हच्या त्या बाजूच्या भोकावर, जिथे करंट असताना एकही बुडबुडा दिसायला नको, तिथे फुगे फुटत होते. व्हॉल्व्ह एका हाताने हवा देतोय आणि दुसऱ्या हाताने सोडून देतोय.

शेडमधलं वायरिंगचं काम बघणाऱ्या चाचांनी टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख. कॉइलवर बोट ठेवलं, चावी फिरवली, टिक झालं. "करंट येतोय, टिक करतोय, कॉइल बरी आहे," चाचा म्हणाले. मलाही ते पटलं. व्हॉल्व्हची सीट घाणीने खराब झाली असणार असं ठरवून आम्ही उठलो.

२९ मार्च

व्हॉल्व्ह बाजूला ठेवून शेडच्या कॉम्प्रेसरची १०० पौंड हवा थेट क्लचला दिली. फॅन एका बोटाने फिरला. हवेचा कॉक बंद केल्यावर पाच मिनिटांत १०० चे ८२ झाले, म्हणजे आतलं सील थोडं म्हातारं आहे, पण ४२ चं कारण ते नव्हे.

नंतर इंजिन चालू करून वेग मोजले. पात्याला चकाकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने. फॅनच्या फिरण्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू दिलं नाही. शेडमधला हाताखालचा पोरगा समोरून वाकून बघायला गेला तेव्हा त्याला हाताला धरून मागे ओढला. पातं सुटलं तर ते समोर जात नाही, कडेला जातं, आणि हे एकदा तरी रागावून सांगावं लागतंच.

पुली मिनिटाला १७५० फेरे. क्लचला ४२ पौंड असताना फॅन १०५०. म्हणजे साठ टक्के. हवा पूर्ण सोडून दिल्यावर, जेव्हा तो पुलीबरोबर फिरायला हवा, तेव्हा १४५०. इथे दोन्ही तक्रारी एका जागी आल्या.

फॅन ओढतो ती हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, पण तो खातो ती ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. साठ टक्के फेऱ्यांना ताकद साधारण बावीस टक्के. गाडी गार असताना हा खर्च फुकट जात होता आणि आवाज होत होता. आणि पुली व फॅन यांच्या वेगात जो फरक, तो क्लचच्या लायनिंगवर, म्हणजे पकड देणाऱ्या थरावर, घासून उष्णता होत होता. पूर्ण वेगाला फॅन ४० हॉर्सपॉवर घेतो असं धरलं, तर या अर्धवट घसरणीत पाच-सहा हॉर्सपॉवर त्या एवढ्याशा लायनिंगवर जळत होत्या, रोज, तासन्‌तास. लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होणारच. मग ज्या क्षणी खरंच पूर्ण पकड हवी, म्हणजे घाटात किंवा दोनशे फुटांवर, तेव्हा ते घसरत होतं. म्हणजे फॅन थांबत नव्हता म्हणूनच गाडी तापत होती.

३० मार्च

रामनवमी. पंचवटीकडचे रस्ते सकाळपासून भरलेले. शेड दुपारपर्यंतच उघडी. रमजान सुरू आहे, चाचांना रोजा असतो, म्हणून बारीक डोळ्यांचं काम सकाळीच उरकतो.

व्हॉल्व्ह उघडला. सीट स्वच्छ. रबर ठीक. फक्त टेफ्लॉन टेपचा एक धागा जाळीत अडकलेला, तो काढला, परत जोडला. गेजवर पुन्हा ४४. मन खट्टू झालं.

तेव्हा मामांचं वाक्य वहीत दिसलं. रात्री जास्त बोंबलतो. रात्री आणि दिवसात गाडीच्या दृष्टीने फरक काय? हवा रात्री गार. लोड तेवढाच. मग पोराला म्हटलं, हेडलाइट लाव.

गेजचा काटा ४४ वरून ३० वर उतरला. लाइट बंद, ४४. लाइट चालू, ३०. चाचा वाकून बघत होते, ते काही न बोलता उठले आणि मल्टिमीटर घेऊन आले.

कॉइलच्या टोकाला लाइट बंद असताना १२.१ व्होल्ट, लाइट चालू असताना ११.३. व्होल्ट कमी होतायत हे खरं, पण चांगली कॉइल एवढ्याने माघार घेत नाही. चाचांनी कॉइलची पिन काढली आणि ओहम मोजले. ५८.

"ही बारा व्होल्टची नाही," ते म्हणाले.

हिशोब सरळ आहे. दहा वॅटची कॉइल १२ व्होल्टची असेल तर साधारण १४ ओहम दाखवते, २४ व्होल्टची असेल तर ५८. अमेरिकन ट्रकची वायरिंग १२ व्होल्टची. आपल्याकडच्या मोठ्या गाड्या बहुतेक २४ व्होल्टच्या. कधीतरी जुना व्हॉल्व्ह गेला असेल, कुणीतरी मोजमाप जुळणारा दुसरा आणून बसवला असेल, आणि दुकानात २४ चाच होता. वरून इंजिनाबरोबर त्याच्यावरही रंगाचा हात फिरला. आम्ही पेट्रोलने रंग पुसला तेव्हा खाली २४ दिसले.

अर्ध्या व्होल्टवर कॉइल अर्ध्या ताकदीने ओढते असं वाटतं, पण ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे जाते. अर्धा करंट म्हणजे पाव ओढ. आत दांडी आहे ती वर उचलली जाऊन दोन कामं करते: खालचं तोंड उघडते आणि वरचं बाहेरचं भोक बंद करते. पाव ओढीने ती खालून उठत होती, म्हणून टिक ऐकू येत होतं, पण वर जाऊन टेकत नव्हती. दोन्ही तोंडं अर्धी उघडी. टाकीतून हवा येतेय, भोकातून जातेय, क्लचला उरतात ४२ पौंड. शिवाय तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतो, अंशामागे साधारण ०.४ टक्के. बोनेटखाली शंभर अंशांवर त्याच कॉइलचे ५८ चे ७४ ओहम होतात. त्यात रात्री लाइट लागले की ओढ सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. मामा एक अक्षरही चुकीचं बोलले नव्हते.

टेस्ट लॅम्पचा दिवा बारावर लागतो आणि अकरावरही लागतो. कॉइल किती व्होल्टची आहे हे त्याला विचारायची सोयच नाही. यापुढे या शेडमध्ये कॉइल आधी ओहममध्ये मोजली जाईल.

दुपारी मामांना फोन केला. तुमचं बरोबर होतं, असं सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं हे आवाजावरून कळलं.

३१ मार्च

नवीन व्हॉल्व्ह आणण्याआधी वायर पाहिली, आणि बरं झालं पाहिली. बॅटरीवर १२.६ आणि कॉइलला १२.१, म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेत जात होता. करंट जेमतेम ०.२ अँपिअर असताना. १४ ओहमची कॉइल चौपट करंट घेईल, म्हणजे त्याच गंजक्या वायरीत दोन व्होल्ट जातील. खरी कॉइल बसवूनही आम्ही तिला उपाशी ठेवली असती आणि मग बिचाऱ्या नव्या व्हॉल्व्हवर खापर फोडलं असतं.

डॅशबोर्डखालचा हाताने फॅन चालू करायचा स्विच हिरवा पडलेला. अर्थिंग रंगाच्या थरावर आवळलेलं. चाचांनी स्विच बदलला, फ्यूजपासून नवी वायर ओढली, अर्थिंग खरवडून थेट इंजिन ब्लॉकला घेतलं.

१ एप्रिल

अंबडच्या एमआयडीसीत गेलो. न्यूमॅटिकचा माल तिथे कारखान्यांमुळे कायम असतो. मागितलं असं: तीन तोंडांचा, करंट नसताना बंद राहणारा, १२ व्होल्ट डीसी, निदान १५० पौंड झेलणारा, बोनेटखालची उष्णता सोसणारा. शेवटच्या अटीवर दुकानदाराने दोन व्हॉल्व्ह स्वतःहून बाजूला ठेवले, ते आवडलं. कारखान्यातल्या सावलीत चालणारा प्रत्येक व्हॉल्व्ह इंजिनाशेजारी चालत नाही.

आटे वेगळे आहेत. ट्रकचे अमेरिकन एनपीटी, आपल्या बाजारातले बहुतेक बीएसपी. पाव इंची आट्यात एनपीटीला इंचाला १८ आणि बीएसपीला १९, कोनही ६० आणि ५५ अंश. दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग आवळत जातात, माणसाला वाटतं बसलं. साबणाच्या पाण्यात जे दोन जॉइंट फेसाळले होते ते असेच जबरदस्तीने बसवलेले, वर टेपचे आठ-दहा वेढे. तोच टेप तुटून व्हॉल्व्हच्या जाळीत गेला होता. लेथवाल्याकडून पितळेचे दोन अडॅप्टर करून घेतले, एका टोकाला हे आटे, दुसऱ्याला ते. टेपऐवजी सीलंट लावणार.

३ एप्रिल

व्हॉल्व्ह बसला. टाकीत ११५, क्लचला ११३. लाइट लावले, ११३. काटा हलला नाही. पोराने तीनदा लाइट चालू-बंद करून बघितले, मी अडवलं नाही.

फॅन आता पूर्ण सुटतो. पण पूर्ण पकडत नाही, ते १४५० लायनिंग बदलल्याशिवाय १७५० होणार नाहीत. सील-लायनिंगचं किट मुंबईहून मागवलं, दोन आठवडे म्हणतात.

शेठ आले. म्हणाले, "दादा, हे किट-बिट कशाला, फॅन कायमचा बांधून टाका. माझी गाडी उभ्या उभ्या काम करते, मला फॅन लागतोच." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकला फॅन फार थोडा वेळ लागतो, तिथे क्लचची बचत मोठी. बोअरच्या गाडीला तो दिवसाचा बराच वेळ लागणार. तरी मी नको म्हटलं. सिन्नरहून येवला, चांदवडपर्यंत ही गाडी जाते, त्या रस्त्यावर रिकाम्या घोंगावण्याला डिझेल जातं. पावसाळ्यात आणि थंडीत इंजिन गारच राहतं, आणि गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. आणि हब व पट्टे कायम पूर्ण भाराखाली राहतात. ते ऐकून घेत होते पण चेहरा हिशोबाचा होता. शेवटी असं ठरलं की किट येईपर्यंत फॅन बांधून न्यायचा, नंतर उघडायचा.

तशी सोय या क्लचला कारखान्यातूनच दिलेली आहे. दोन भोकं आहेत, त्यात बोल्ट आवळले की फॅन आणि पुली एकच होतात. घरी पोचण्यापुरती ती सोय आहे. बोल्ट आवळले, वेग मोजला, १७५०. हंगाम आहे, गाडी उभी राहिली तर शेठचं रोजचं नुकसान.

९ एप्रिल

मामांचा फोन. बांधलेल्या फॅनवर चांदवडकडे २४० फूट, काटा १९५ च्या वर गेला नाही. म्हणजे रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं पुरेसं आहे.

१७ एप्रिल

किट शनिवारी आलं, गाडी आज. क्लच खाली घेतला.

आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. प्रेसखाली धरल्याशिवाय कव्हरचे बोल्ट सोडायचे नाहीत. बोल्ट सगळे काढून मग प्रेसचा दाब चहा गाळावा तसा हळूहळू कमी केला. पोराला सगळं जवळून दाखवलं, पण बाजूने.

लायनिंग काळं आणि चकचकीत, नखाने ओरखडा उठत नव्हता. एका बाजूला तेलाचा डाग. हबच्या सीलमधून ग्रीस झिरपलं होतं, म्हणजे पकड सुटायला उष्णतेच्या जोडीला तेही होतं. पिस्टनची ओ-रिंग चपटी होऊन चौकोनी झालेली, पाच मिनिटांत १८ पौंड पळून जात होते ते इथूनच. बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू असल्यासारखं लागलं. किटमधलं बेअरिंग आणि इथल्या बाजारातलं, दोघांचा नंबर एकच.

लायनिंग जिच्यावर टेकतं ती समोरची लोखंडी तबकडी तापून निळी पडली होती. नवीन लायनिंग तशाच निळ्या, लाटा आलेल्या तबकडीवर बसवलं तर ते नीट टेकत नाही, कडेकडेने घासतं. लेथवर ती हलक्या हाताने साफ करून घेतली, हाताला सपाट लागेपर्यंत, त्याहून जास्त नाही.

नवीन लायनिंगला हात लावताना पोराचे हात ग्रीसचे होते. धुवायला लावले. बोटाचा एक ठसा पुरेसा असतो.

१८ एप्रिल

थर्मो स्विचची परीक्षा, चुलीवर. पातेल्यात पाणी, त्यात तारेला लटकवलेला स्विच, बॅटरी आणि छोटा दिवा. आधी थर्मामीटरची खात्री केली: पाणी उकळवलं, ९८ दाखवलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणजे थर्मामीटर खरा. शंभर दाखवला असता तर खोटा ठरला असता.

स्विचवर १९५ फॅरनहाइट कोरलंय, साडेनव्वद सेल्सिअस. दिवा ९१ ला गेला. पाणी निवताना ८५ ला परत लागला. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. एवढी वर्षं बोनेटखाली राहून स्विच आपल्या शब्दाला जागलाय. तोच ठेवला.

१९ एप्रिल

जोडणी. पूर्ण पकडीत १७४०, सुटल्यावर दीडशेच्या खाली, बेअरिंगच्या ओढीने फिरतो तेवढाच. हवा कोंडून पाच मिनिटं: १०० ची १००.

क्लचकडे जाणारी नायलॉनची नळी टर्बोच्या फार जवळून गेली होती. वेणीदार स्टीलची घातली आणि क्लिप लावून लांब बांधली.

२० एप्रिल

मोहदरी घाट, भर दुपारी. मी मामांच्या शेजारी. नाशिक रोड सोडेपर्यंत फॅन एकदाही पकडला नाही आणि केबिनमध्ये बोलणं ऐकू येत होतं. मामा पहिले काही किलोमीटर सारखे काट्याकडे बघत होते. फॅनचा आवाज नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, अशी त्यांना सवयच झालेली.

घाट लागला. काटा १८०, १८५, १९०. मी काही बोललो नाही. १९५ ला बोनेटखालून फस्स आलं आणि फॅनने असा काही वारा ओढला की मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. काटा तिथेच ठरला. वर पोचून सपाटीला लागल्यावर १८५ ला खाली आला आणि फॅन सुटला. येताना परत तसंच.

२१ एप्रिल

गाडी शेठच्या ताब्यात दिली. देण्याआधी व्हॉल्व्हच्या कंसाशेजारी फायरवॉलवर पोराकडून पिवळ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं: "१२ व्होल्ट. १४ ओहम. करंट गेला की फॅन चालू." त्याचं अक्षर चांगलं आहे. फॅन बांधायचे दोन बोल्ट कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवले आणि मामांना भोकं दाखवली.

एक गोष्ट उरलीय. टाकीची हवा रात्रीत १२० ची १०८ होते. फॅनच्या लाइनमधून नाही, ती कोंडून बघितली. ब्रेकच्या बाजूने कुठेतरी आहे. शेठना सांगितलंय, हंगाम संपला की ब्रेक चेंबर बघायचे.

चाचा संध्याकाळी लवकर गेले. उद्या ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी, शेड बंद.

२४ एप्रिल

रात्री साडेनऊला मामांचा फोन. येवल्याकडे आहेत, २६० फूट झाले, अजून चाललंय. दिवसभर काटा १९५ ते २००. म्हटलं, मला ऐकू द्या. त्यांनी फोन बोनेटकडे नेला. ड्रिलचा दणका, कॉम्प्रेसर, आणि त्या सगळ्यावर फॅनचा भरलेला वारा.

मग त्यांनी नवीन रॉड जोडायला काम थांबवलं, इंजिन आयडलवर आलं. मी फोन कानाला लावून बसलो. तीन-चार मिनिटांनी तो वारा हळूहळू उतरत गेला आणि फक्त इंजिन राहिलं.

"मामा, हेडलाइट चालू आहेत का?"

"कधीचे. फ्लडलाइटसुद्धा."